'कमी लेखणे' : अर्थ आणि प्रयोग

एखाद्याचे महत्त्व नाकारावयाचे झाले म्हणजे मराठी बोलणारा बहुधा हिशेबाच्या वहीकडे वळतो. न गणणे, जमेस न धरणे, खिजगणतीत नसणे हे सारे प्रयोग त्याच घरचे. राजारामपुरीच्या गल्ल्यांतून सहज कानी पडणारे 'त्यो कुणाला मोजत न्हाई' हेही तेथलेच. 'लेखणे' याच कुळातले. 'लेखा' म्हणजे हिशेब, हा संबंध अद्याप पुसलेला नाही. मात्र आज हे क्रियापद प्रायः उतरत्या मोलापुरतेच उरले आहे. आपण कमी लेखतो, तुच्छ लेखतो; 'जास्त लेखतो' असे कोणी म्हणत नाही. तेथे 'मानतो' येते.

'प्रतिस्पर्ध्याला कमी लेखू नये' आणि 'धाकट्या जावेला घरात कमी लेखतात' या वाक्यांत क्रियापद एक, अर्थ दोन. पहिल्यात अंदाज चुकतो व नुकसान कर्त्याचे होते. दुसऱ्यात अंदाजाचा प्रश्नच नसतो, मान जातो तो कर्माचा. (कर्म हा शब्द येथे व्याकरणातलाच घ्यावा.) दुसऱ्या अर्थी 'हिणवणे' हा पर्याय सुचवला जातो, तो आम्हांस मान्य नाही. हिणवावयास तोंड उघडावे लागते. कमी लेखणे मुकाट्यानेही होते, किंबहुना मुकाट्यानेच अधिक होते.

खरी अडचण तिसऱ्या अर्थाची आहे : मोठेपण ठाऊक असूनही इतरांपुढे ते लहान करून मांडणे. यासाठी वृत्तपत्री मराठीत 'गांभीर्य कमी करणे' हा इंग्रजी वळणाचा प्रयोग रुळू लागला आहे, आणि तो घातक आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेचे पाणी राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ५५ फुटांच्याही वर गेले. अशा वेळी 'पुराचे गांभीर्य कमी केले' असे कोणी लिहिले, तर वाचकाने काय समजावे? उपाययोजनेने पुराची झळ कमी केली, की सांगताना तो किरकोळ ठरवला? पहिली स्तुती, दुसरा आरोप. 'गांभीर्य कमी लेखले' हेही पुरत नाही. त्यात प्रामाणिक चुकीला जागा राहते. 'पूर किरकोळ ठरवला' किंवा 'कमी करून सांगितला' म्हटले की जाणूनबुजून केलेली कृती उघडी पडते. अनुवादाच्या उत्तरपत्रिकांत तरी गुण देताना हा भेद पाहिला जावा.