परवडली ती सुहैली

सर रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांचं ‘अ वर्ल्ड ऑफ माय ओन’ हे 1969 सालचं पुस्तक वाचलं जातं ते पृथ्वीप्रदक्षिणेसाठी. एकट्यानं, कुठेही न थांबता, 312 दिवसांत. मला त्यातली रसाळ पानं वाटतात ती होडी बांधण्याची. आणि ती घडतात आपल्या मुंबईत, कुलाब्याला.

बेंगळुरूच्या हलसूर तळ्यावर मद्रास सॅपर्सच्या शिडाच्या होड्या दिसल्या, की इथल्या एखाद्या आयटीवाल्याच्या मनात येतंच: नोकरी सोडावी, होडीत राहावं. पाठोपाठ प्रश्न, स्वस्तातली कुठली? त्यानं हे पुस्तक उघडावं.

ब्रिटिश इंडिया या जहाज कंपनीत तरुण अधिकारी असलेल्या नॉक्स-जॉन्स्टननं इंग्लंडहून आराखडे मागवले, तर आले भलतेच: जुन्या ‘एरिक’ धाटणीचे. परत पाठवायला सवड नव्हती. मग आहे त्यावरच काम सुरू झालं. वाकस, हातानं फिरवायचं गिरमिट, अस्सल सागवान. डिसेंबर 1964मध्ये बत्तीस फुटांची सुहैली पाण्यात उतरली, नारळ फोडून!

लेखकाची खुबी अशी, की या चुकीला तो भाग्य ठरवत नाही आणि रडगाणंही गात नाही. एकट्यानं, न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करण्याच्या 1968च्या शर्यतीसाठी त्याला मोठी पोलादी होडी हवी होती, आराखडाही झाला होता, पैसे मात्र जमले नाहीत. सुहैली घेऊन निघणं हा नाइलाज होता, आणि तो ते सरळ सांगतो. वाटेत आपोआप सुकाणू धरणारं यंत्र मोडलं, तर शिडं जुळवून त्यानं तिला स्वतःहून दिशा धरायला लावली. लांब, जड तळाची होडी हळू चालते, पण वाट सोडत नाही.

सर्वांत सुंदर प्रसंग गळतीचा. अटलांटिकमध्ये पाण्याखाली बुडी मारून तो फळ्यांच्या फटीत कापूस भरतो, वर कॅनव्हास आणि तांब्याची पट्टी ठोकतो. मधेच शार्क येतो. निवेदन सुताराच्या हिशेबाइतकं थंड, त्यामुळे भीती वाचणाऱ्याला वाटते. एकांताबद्दल तो जिथे विचार मांडायला बसतो, तिथे पुस्तक थोडं सैल पडतं.

निघालेल्या नऊ जणांत पोचला तो एकटाच. पुढे 2018मधल्या तशाच शर्यतीसाठी गोव्यात रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यानं सुहैलीचीच प्रतिकृती, ‘थुरिया’, बांधली. भारतीय दर्यावर्दी अभिलाष टॉमी तिच्यातून निघाले. दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळात तिच्या डोलकाठ्या मोडल्या, टॉमींच्या पाठीला जबर इजा झाली. धाटणी तीच होती.