यवन कोण?

नाशिकची पांडवलेणी आपल्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलीत. सतरावं लेणं इंद्राग्निदत्ताचं. शिलालेखात त्याला ‘योणक’ म्हटलंय, म्हणजे यवन. त्याच डोंगरात, तिसऱ्या लेण्यात, गौतमी बलश्री आपल्या मुलाला शक-यवन-पल्हवांचा संहारक म्हणते. दाताही यवन, शत्रूही यवन!

मूळ शब्द आयोनियन ग्रीकांचा. इराण्यांचा ‘यौन’, अशोकाच्या लेखांतला ‘योन’. पुढे पश्चिमेकडचा कुणीही यवन झाला, आणि बखरींत तर थेट मुसलमान.

‘यवनिका’ म्हणजे पडदा. त्यावरून आपलं नाटकच ग्रीकांचं ठरवणारेही होऊन गेले. पण जुन्या ग्रीक रंगभूमीला दर्शनी पडदाच नव्हता. अमरकोशात तर ‘जवनिका’ आहे. आणि नावावरून मूळ ठरवायचं कसं? पैठणी आपण विणतो येवल्यात, नाव पैठणचं.

आमची तक्रार आहे ती टीपा लिहिणाऱ्यांशी. ‘यवन म्हणजे मुसलमान’ ही टीप बखरीखाली चालेल. तीच सवय घेऊन लेण्यात शिरलं, की इस्लामच्याही कित्येक शतकं आधीचा हा माणूस उगाच शत्रू ठरतो. त्यानं तर आईवडिलांसाठी लेणं कोरवलं, पाण्याची टाकी खोदवली, आणि मुलासह ते सगळं भिक्षुसंघाला देऊन टाकलं.