सागरी रस्ता आणि आडवे कोकण

आपल्याकडच्या कोकण-प्रवासवर्णनांचा मार्ग बहुधा ठरलेला असतो. रेवसला सुरुवात, मग अलिबाग, रेवदंडा, मुरूड, हर्णे, गुहागर, मालवण आणि शेवटी रेडी. उजवीकडे समुद्र, डावीकडे डोंगर, मधूनमधून किल्ले. गाडी दक्षिणेकडे जाते तसा इतिहासही किनाऱ्याने उलगडत जातो, असे वाचकाला वाटू लागते. माझा आक्षेप नेमका त्याला आहे.

कोकणचा इतिहास उभा नाही, आडवा आहे. बंदर, खाडी, घाट आणि मग देश. कल्याणचा माल नाणेघाटाने जुन्नरला चढे, दाभोळचा कुंभार्लीने कऱ्हाडकडे, राजापूरचा अणस्कुऱ्याने कोल्हापूरकडे. रिठदला बसून वाचणाऱ्याला हे लवकर दिसते. आम्हा वऱ्हाडकरांपर्यंत समुद्र पोचला तो घाट चढूनच. किनाऱ्याच्या दिशेने मात्र खाड्यांनी वाट जागोजाग तोडलेली. एका बंदरातून दुसऱ्यात जायचे ते गलबताने. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’मध्ये चौल, कल्याण ही बंदरे ओळीने येतात, ती तारवावरून पाहिलेली म्हणून. तीच ओळ आपण डांबरी रस्त्यावर ओढतो.

या घाईत काय सुटते? कोर्लई घ्या. वर्णनांत किल्ला येतो, दीपगृह येते. चौल 1740 मध्ये पोर्तुगीजांच्या हातून गेले, तरी किल्ल्याच्या पायथ्याच्या गावात पोर्तुगीज आणि मराठीच्या मिश्रणातून झालेली बोली आजही घरात बोलली जाते. तिथे थांबून कान देणारा लेखक विरळा.

त्याहून मोठी चूक रेवसचीच. 17 जुलै 1947 रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली, सहाशेहून अधिक माणसे गेली. कोकण आणि मुंबई यांचा खरा रस्ता पाण्यावर होता, याचा याहून दारुण पुरावा कोणता? पण ‘रेवसपासून आमची सफर सुरू झाली’ म्हणणाऱ्यांच्या लेखी रेवस म्हणजे नुसता शून्याचा मैलाचा दगड.

दिघी, दाभोळ, जयगड इथे गाडी फेरीबोटीत चढवावी लागते. लेखक त्याला एक तर गंमत म्हणतात किंवा खोळंबा. वास्तविक त्या सबंध सफरीत जुन्या कोकणी माणसासारखा प्रवास घडतो तो तेवढ्या पाण्यातच. आता खाड्यांवर पूल व्हायचे आहेत. ते होण्याआधी कोणी तरी त्या बोटीवरून किनारा लिहावा.