कोयत्याचा भाव कोण ठरवतो?

दिवाळीची सुट्टी संपते, शाळा उघडते आणि बीड जिल्ह्यातल्या कितीतरी वर्गांत हजेरीपटावरची नावे तेवढी शिल्लक राहतात. पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, वडवणी, धारूर या बालाघाटच्या कोरडवाहू पट्ट्यातली मुले आईबापांबरोबर उसाच्या फडावर गेलेली असतात. कोणी कोल्हापूर-सांगलीकडे, कोणी सोलापूर-पुण्याकडे, कोणी थेट कर्नाटकात. उन्हाळ्याच्या तोंडाशी कारखान्याचा पट्टा पडला की ती परततात, तोवर वर्ष सरत आलेले असते. शिक्षकांना हे नव्याने सांगायला नको.

याच जिल्ह्यातली थोडी मोठी मुले कनिष्ठ महाविद्यालयात 'बाजाराचे प्रकार' शिकतात. पूर्ण स्पर्धेची वैशिष्ट्ये पाठ करतात : असंख्य ग्राहक व विक्रेते, एकजिनसी वस्तू, मुक्त प्रवेश व निर्गमन, बाजाराचे पूर्ण ज्ञान, उत्पादन घटकांची पूर्ण गतिशीलता. ज्या मुलाने फडावर मोळ्या वाहिल्या आहेत त्याला यातले एकही वैशिष्ट्य आपल्या अनुभवात सापडत नाही. मग तो ठरवून टाकतो की अर्थशास्त्र ही परीक्षेपुरती गोष्ट आहे. त्याचे हे मत चुकीचे आहे असे आम्हांला वाटते. पण ते का चुकीचे आहे हे सांगताना अर्थशास्त्राचीही थोडी झाडाझडती घ्यावी लागेल. या लेखात आम्ही ती घेणार आहोत.

पूर्ण स्पर्धा हे भौतिकशास्त्रातल्या घर्षणरहित पृष्ठभागासारखे एक कल्पित आहे. खरा पृष्ठभाग किती खडबडीत आहे हे मोजण्यासाठी ते लागते. गेल्या पन्नास-साठ वर्षांतले अर्थशास्त्र मुख्यतः या घर्षणाचाच अभ्यास करत आले आहे. त्याचे प्रश्न साधे आहेत. व्यवहारातल्या कोणाला काय माहीत आहे आणि कोणाला माहीत नाही? सौदा पटला नाही तर कोण उठून दुसरीकडे जाऊ शकतो? मोबदला नेमका कशावर मिळतो, आणि म्हणून माणूस काय करायला प्रवृत्त होतो? या शेवटच्या गोष्टीला प्रोत्साहन किंवा प्रलोभन म्हणतात. हे तीन प्रश्न उसाला लावून पाहू या.

ऊस तोडला की त्यातली साखर उतरू लागते. साधारण चोवीस तासांत तो गव्हाणीत पडावा लागतो. त्यामुळे उसाचा बाजार धान्यासारखा दूरवर पसरत नाही. एका कारखान्याभोवती शेतकरी शेकडो, खरेदीदार जवळजवळ एकच. वस्तू विकणाऱ्याच्या मक्तेदारीची चर्चा जुनी आहे. खरेदी करणाऱ्याच्या मक्तेदारीची सविस्तर मांडणी जोन रॉबिन्सन यांनी १९३३ साली केली. इथे तीच आहे आणि कायद्याने तिला आणखी बळ दिले आहे. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात २००६ साली केलेल्या दुरुस्तीने दोन कारखान्यांत किमान १५ किलोमीटर हवाई अंतर सक्तीचे झाले. महाराष्ट्राने ते पुढे २५ किलोमीटर केले. २०१२ साली रंगराजन समितीने अशी बंधने हळूहळू उठवावीत असे सुचवले होते.

मग शेतकऱ्याने काय करावे? एक उत्तर महाराष्ट्रानेच शोधले : खरेदीदारच आपल्या मालकीचा करावा. १९५० साली अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यात प्रवरेच्या काठी पहिला सहकारी साखर कारखाना सुरू झाला. विठ्ठलराव विखे पाटलांच्या बरोबरीने त्यात धनंजयराव गाडगीळ होते. पुण्याच्या गोखले संस्थेचे हे अर्थशास्त्रज्ञ कारखान्याचे पहिले अध्यक्ष झाले. बाजाराचा अभ्यास करणारा माणूस बाजार बदलायला उतरल्याचे याहून ठळक उदाहरण आपल्याकडे क्वचितच सापडेल.

आता आमच्या परीक्षणाच्या मुख्य विषयाकडे येऊ. अभिजित बॅनर्जी, दिलीप मुखर्जी, कैवान मुन्शी आणि देबराज रे या चार अर्थशास्त्रज्ञांनी २००१ साली 'जर्नल ऑफ पोलिटिकल इकॉनॉमी' या नियतकालिकात महाराष्ट्रातल्या सहकारी साखर कारखान्यांवर एक निबंध लिहिला. यांपैकी बॅनर्जी यांना २०१९ साली इतर दोघांसोबत नोबेल मिळाले, ते वेगळ्या कामासाठी. निबंधाचा प्रश्न असा : कारखाना सभासदांचा असूनही सभासदाला उसाचा भाव कमी का मिळतो, आणि कुठे कमी मिळतो?

त्यांचा युक्तिवाद कल्पित आकड्यांनी समजून घेऊ. समजा, एका कारखान्याला १० बडे बागाईतदार प्रत्येकी ५०० टन आणि ५०० लहान शेतकरी प्रत्येकी ३० टन ऊस घालतात. एकूण झाला २०,००० टन. नियम असा की भाव सर्वांना सारखाच. म्हणजे लहान शेतकऱ्याकडून वेगळी वसुली करता येत नाही. पण टनामागे १०० रुपये भाव कमी दिला, तर कारखान्याकडे २० लाख रुपये राहतात. त्यांतले बड्यांचे ५ लाख, लहानांचे १५ लाख. हा पैसा कुठे खर्च करायचा हे बड्यांच्या हाती असेल, तर स्वतःचे ५ लाख घालून ते २० लाखांवर हुकमत मिळवतात. म्हणजे भाव पाडण्यातच त्यांचा फायदा!

आता लहानांचा एकूण ऊस फक्त १,००० टन आहे असे धरा. कापून उरतील ६ लाख, आणि त्यांतले ५ लाख बड्यांचेच. एवढ्यासाठी स्वतःचा भाव कोण पाडील? उलट टोकाला, बडे जवळजवळ नसतीलच, तर 'एक सभासद, एक मत' या नियमाने लहान शेतकरी आपला भाव सांभाळतात. भाव सर्वांत जास्त दबतो तो दोघेही भरपूर असतात तिथे, म्हणजे जमिनीची विषमता मोठी असते तिथे. अशा ठिकाणी कारखान्याची गाळप क्षमताही जेवढी असायला हवी तेवढी उभी राहत नाही, असाही त्यांचा निष्कर्ष आहे.

प्रयोगशाळेत कारखाना ठेवता येत नाही. म्हणून त्यांनी जवळजवळ १०० सहकारी कारखान्यांची १९७१ ते १९९३ या काळातली माहिती घेतली आणि भोवतालच्या भागातली जमिनीची वाटणी व उसाचा भाव यांची सांगड घातली. कल्पनेतून जे निघत होते ते आकड्यांत दिसले. विज्ञान शिकवणाऱ्यांना ही रीत ओळखीची वाटेल. आधी तर्क, मग तर्कातून चुकू शकेल असे भाकीत, मग पडताळा. सहकार चांगला की वाईट असा वाद न घालता तो कोणत्या परिस्थितीत बिघडतो हे सांगणे, ही या निबंधाची मोठी कमाई आहे. एक शंका मात्र घेता येते. चांगला भाव मिळाला की लहान शेतकरीही उसाकडे वळतो आणि जमिनीची राखण करतो. म्हणजे वाटणीने भाव ठरतो तसा भावाने वाटणीवरही परिणाम होऊ शकतो. अशा दुहेरी वाटा आकड्यांतून वेगळ्या करणे हे या शास्त्राचे कायमचे अवघड काम आहे.

आमची खरी तक्रार दुसरी आहे. या सगळ्या चित्रात बडा शेतकरी आहे, लहान शेतकरी आहे, कारखाना आहे. ऊस तोडतो कोण, हे मात्र त्यात नाही. तर्काच्या दृष्टीने ही चूक नव्हे. निबंधाचा प्रश्न सभासदांविषयी होता आणि तोडणारा सभासद नसतो. पण कारखान्याच्या दप्तरात ज्याची नोंद तोच अभ्यासात येतो, ही सवय अर्थशास्त्राला घातक आहे. दिव्याखाली किल्ली शोधण्याचाच हा प्रकार. बीडचा माणूस या उद्योगात मुख्यतः नोंदीबाहेरच्या अंधारात उभा आहे.

तेव्हा तेच तीन प्रश्न आता कोयत्याला लावू. कोयता म्हणजे इथे हत्यार नव्हे. नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता. करार बहुधा तोंडी असतो. मुकादम पावसाळ्यात किंवा दसऱ्याच्या सुमारास उचल देतो आणि ती हंगामभर टनाच्या दराने फेडायची असते. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली आणि तो टनाला २७४ रुपयांवरून ३६७ रुपयांवर गेला. हिशेबासाठी धरू की उचल एक लाख रुपये आहे आणि जोडी दिवसाला दोन टन ऊस तोडते. एक लाख भागिले ३६७ म्हणजे सुमारे २७२ टन, म्हणजेच १३६ दिवस. सगळा हंगाम जेमतेम पाच महिन्यांचा. हा हिशेब सातवीच्या वर्गात फळ्यावर करता येतो.

उचल का असते? अर्थशास्त्राचे उत्तर इथे उपयोगी पडते. कोरडवाहू गावात पावसाळ्यात पैसा नसतो आणि बँक दारात उभी करत नाही. कारखान्याला पहिल्या दिवसापासून टोळी हवी असते. कोण कामाचा, कोण पळून जाणारा, ही माहिती गावातल्या मुकादमाला असते. म्हणून कर्जाचा बाजार आणि मजुरीचा बाजार एकमेकांत गुंतवले जातात. प्रणब बर्धन आणि इतरांनी अशा गुंतलेल्या व्यवहारांवर बरेच लिहिले आहे. जोखीम एकतर्फी नाही, हेही मान्य केले पाहिजे. उचल घेऊन टोळी आलीच नाही म्हणून बुडालेले वाहनमालक गावोगाव आहेत.

पण एक गोष्ट नीट पाहावी. मजुरांसाठी कारखान्यांत, मुकादमांत स्पर्धा आहेच. मात्र टनाचा दर राज्यपातळीवरच्या करारात काही वर्षांसाठी ठरून जातो. त्यामुळे स्पर्धा दरात न दिसता उचलीत दिसते. उचल वाढली की मजुराला वाटते भाव वाढला. प्रत्यक्षात दावे तेवढे लांब झाले. खुंटा तोच आहे. पाठ्यपुस्तकातले 'मुक्त निर्गमन' इथे संपते. आगाऊ रकमेपोटी माणसाचे काम सोडून जाण्याचे स्वातंत्र्य हिरावून घेणे हे १९७६ च्या कायद्याने वेठबिगारीत मोडते, हे मुलांना सांगायला हवे.

दर टनावर मिळाला की माणूस जास्त काम करतो, हे अर्थशास्त्रातले आवडते प्रमेय. एडवर्ड लेझियर यांनी अमेरिकेतल्या मोटारींच्या काचा बसवणाऱ्या एका कंपनीचा अभ्यास २००० साली प्रसिद्ध केला. तासावारी पगार बदलून नगावर केल्यावर दर माणशी काम ४४ टक्के वाढले. पण तो कारागीर नोकरी सोडून जाऊ शकत होता आणि आजारपणात त्याच्या डोक्यावर कर्ज चढत नव्हते. फडावर एक दिवस कामाला गेले नाही की तो खाडा धरला जातो आणि दंड उचलीत मिळवला जातो. तेच प्रोत्साहन इथे शरीरावर वसूल होते.

किती वसूल होते? २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे आलेल्या पाहणीत ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे सुमारे १७ टक्के. याला एकटा खाडा कारण आहे असे म्हणणे घाईचे होईल. कोपीत पाणी नाही, आडोसा नाही, पाळीत विसावा नाही, लग्ने कमी वयात होतात. शिवाय दवाखान्याचाही एक बाजार आहे. डॉक्टरला माहीत असते ते रुग्णाला माहीत नसते, म्हणून हा बाजार इतर बाजारांसारखा चालत नाही, असे केनेथ ॲरो यांनी १९६३ सालीच दाखवले होते. सल्ला देणाराच शस्त्रक्रियेचे पैसे घेणार असेल आणि ऐकणारीला पुढच्या हंगामाची चिंता असेल, तर दोघांची प्रलोभने एकाच दिशेला ढकलतात. यात बाईची 'निवड' किती, हे विचारल्याशिवाय निवडीचे शास्त्र पुरे होत नाही.

म्हणून आमचा निष्कर्ष असा. अर्थशास्त्राची अवजारे चांगली आहेत. ती कोणाच्या फडात चालवायची, हे निवडण्यात खोट आहे. माहिती कोणाकडे, उठून जाण्याची मुभा कोणाला, मोबदला कशावर, हे प्रश्न साखर कारखान्याच्या संचालकाला जितके लागू पडतात, तितकेच खाडा भरणाऱ्या बाईलाही पडतात.

एप्रिलमध्ये मुले परत येतील तेव्हा त्यांना 'बुडालेला अभ्यास' भरून काढायला बसवण्याआधी एक तास त्यांच्याकडून शिकून घ्यावा, असे आम्ही सुचवतो. काट्यावर वजन कोण पाहते? पावती कोणाच्या हाती येते? वाढे कोणाचे? खाडा कोण लिहितो? उत्तरे फळ्यावर मांडली की बाजाराचा धडा आपोआप तयार होईल. आणि शेवटी एकच प्रश्न विचारावा : या सगळ्यात 'नाही' म्हणण्याची सोय कोणाकोणाला आहे? त्या यादीत मुलांना आपल्या आईचे नाव घालता येते का, हे पाहावे.