विनामूल्य ग्रंथ आणि वसाहतोत्तर विचार

बंगळूरनजीकचे व्हाइटफील्ड ही १८८२ साली अँग्लो-इंडियनांकरिता स्थापन झालेली वसाहत. आज तेथील संगणक-व्यवसायातील मराठी वाचकास महाजालावर वसाहतोत्तर सिद्धांताची इंग्रजी विवेचने विनामूल्य लाभतात. जोतीराव फुले यांची ‘गुलामगिरी’ही (१८७३) लाभते. परंतु सिद्धांताच्या मापाने फुल्यांना मोजणे घातक होय. धोंडिबा व जोतीराव यांच्या संवादात दास्याचे मूळ ब्राह्मणी वर्चस्वात शोधले आहे. इंग्रजी अंमल ही तेथे बव्हंशी शूद्रातिशूद्रांना लाभलेली संधी आहे. अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तिदात्यांना अर्पण केलेल्या या ग्रंथापुढे ‘परका शासक, एतद्देशीय शासित’ ही विभागणी (प्राथमिक टिपणांत बहुधा तीच प्रथम भेटते) तोकडी पडते. अशा वाचकास सटीप संहिता हवी. नुसत्या छायाप्रतींतून दशावतारकथांचे फुल्यांनी केलेले वाचन उलगडत नाही.