वाहन आणि दृष्टी : तीन भूमार्गी प्रवासग्रंथांचा तौलनिक विचार

प्रवासवर्णनाची समीक्षा करताना आपल्याकडे बहुधा दोन कसोट्या लावल्या जातात. पहिली कसोटी माहितीची, दुसरी लेखकाच्या व्यक्तिमत्त्वाची. ग्रंथात देशाचे यथार्थ दर्शन घडते काय, आणि लेखकाची शैली प्रसन्न आहे काय, हे दोन प्रश्न विचारले की समीक्षकाचे कार्य संपते. लांब पल्ल्याच्या भूमार्गी प्रवासांच्या ग्रंथांना यांखेरीज एक तिसरी कसोटीही लावण्यात येते, ती साहसाची. किती मैल काटले, किती सरहद्दी ओलांडल्या, किती हाल सोसले, यांवर ग्रंथाची थोरवी ठरते. या तिन्ही कसोट्या अपुऱ्या आहेत, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. प्रवासी ज्या वाहनातून जातो ते वाहन त्याच्या व भेटणाऱ्या माणसांच्या दरम्यान विशिष्ट अंतर निर्माण करते. त्या अंतराची जाणीव लेखकास कितपत आहे, यावर अशा ग्रंथाचे वाङ्मयीन मूल्य अवलंबून असते.

या विवेचनासाठी तीन ग्रंथ निवडले आहेत. निकोला बूव्हिए या स्विस लेखकाचा 'ल्यूझाज द्यु माँद' (१९६३), पॉल थेरू या अमेरिकन लेखकाचा 'द ग्रेट रेल्वे बझार' (१९७५) आणि टेड सायमन या इंग्रज पत्रकाराचा 'ज्युपिटर्स ट्रॅव्हल्स' (१९७९). पहिल्यात मोटार, दुसऱ्यात आगगाडी, तिसऱ्यात मोटारसायकल आहे. तिघांचेही मार्ग युरोपातून निघून आपल्या उपखंडाच्या दाराशी किंवा आत येतात. त्यामुळे त्यांची तुलना स्वाभाविक ठरते.

१

थेरूचा प्रवास १९७३ मध्ये लंडनहून सुरू झाला व सुमारे चार महिन्यांत संपला. तुर्कस्तान, इराण, हिंदुस्थान, ब्रह्मदेश, व्हिएतनाम, जपान आणि परतीच्या वाटेवर सैबेरिया, असा हा विस्तीर्ण फेरा आहे. ग्रंथातील प्रकरणांना गावांची नावे नसून गाड्यांची नावे आहेत, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. येथे स्थळ गौण व डबा मुख्य आहे. डब्यात माणसे येतात, बोलतात आणि आपले स्थानक आले की उतरून जातात. अर्थात व्यक्तिचित्र हाच या ग्रंथाचा घटक होतो, आणि ते चित्र अपरिहार्यपणे अर्धे राहते. थेरूची संवाद टिपण्याची हातोटी विलक्षण आहे, यात संशय नाही. परंतु संवाद जेथे रंगतो तेथेच तो तुटतो, आणि तुटलेल्या संवादाला शेवट म्हणून लेखक बहुधा उपहासाची जोड देतो.

याचे उत्तम उदाहरण ग्रंथाच्या आरंभीच मिळते. इटलीतील डोमोडोसोला स्थानकावर एक वृद्ध सहप्रवासी खाद्यपदार्थ घेण्यासाठी उतरतो आणि गाडी त्याला मागे टाकून निघून जाते. प्रसंग विनोदी आहे व विनोदासाठीच तो रंगविला आहे. पुढे 'द किंगडम बाय द सी' (१९८३) या ग्रंथात थेरू त्या वृद्धाच्या गावी जातो. तो मरण पावल्याचे त्यास कळते आणि त्याच्या आयुष्याची हकिकत प्रथमच ऐकावयास मिळते. ज्याला गाडीने हास्यविषय बनविले, तो माणूस थेरूला समजला तो गाडीबाहेर, आणि पुष्कळ वर्षांनी. आगगाडी प्रवाशाला माणसांच्या निकट आणते, पण त्यांच्याविषयीचे उत्तरदायित्व त्याच्यावर टाकीत नाही. ही तिची सोय आणि हीच तिची मर्यादा होय.

२

मोटारसायकलची स्थिती याच्या उलट आहे. टेड सायमन ६ ऑक्टोबर १९७३ रोजी, म्हणजे अरब–इस्रायल युद्ध पेटले त्याच दिवशी, ५०० सीसीची ट्रायम्फ घेऊन लंडनहून निघाला. चार वर्षांत आफ्रिका, दक्षिण व उत्तर अमेरिका, ऑस्ट्रेलिया व आशिया असा साठ हजारांहून अधिक मैलांचा मार्ग त्याने आक्रमिला. मोटारसायकलला खिडकी नाही. ऊन, पाऊस, धूळ यांच्याप्रमाणे लोकांची दृष्टीही चालकावर थेट पडते. थेरू पाहतो, सायमन पाहिला जातो. ब्राझीलमध्ये संशयावरून तो अटकेत पडतो, ही या पाहिले जाण्याची भीषण बाजू. यंत्र बिघडले की अनोळखी माणसे मदतीस धावतात, ही तिची प्रसन्न बाजू. हे व्यत्यय म्हणजेच खरा प्रवास, असा प्रत्यय सायमनला हळूहळू येतो आणि तोच ग्रंथाचा कणा बनतो.

पण येथे वेगळा दोष उद्भवतो. एकट्या चालकाच्या अंतर्यामी दीर्घ स्वगत चालू असते आणि जग त्या स्वगताचे निमित्त होऊ लागते. ग्रंथनामाचा उगम या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. भारतात एका लग्नसमारंभात एक भविष्यवेत्ता सायमनला ज्युपिटर म्हणून संबोधतो. सायमन या शब्दातून रोमन देवराजाची प्रतिमा उभी करतो आणि स्वतःच्या देवत्वाच्या कल्पनेशी, काहीशा थट्टेने का होईना, खेळतो. मराठी वाचकाच्या मनात मात्र ज्युपिटर म्हणताच 'गुरू' हा ग्रह उभा राहतो. देवांचा राजा इंद्र तो नव्हे, देवांना शिकविणारा बृहस्पती. एका शब्दाच्या दोन संस्कृतींतील या अंतराची दखल ग्रंथाने घेतली असती, तर त्याचे मध्यवर्ती प्रतीक अधिक सखोल झाले असते. बोलणाऱ्याचा अर्थ ऐकणाऱ्याच्या स्वगतात विरून गेला, असे म्हणणे भाग आहे.

३

बूव्हिए व त्याचा चित्रकार मित्र तिएरी व्हेर्ने यांनी १९५३ च्या उन्हाळ्यात बेलग्रेडहून लहानशा फियाट टोपोलिनो गाडीतून प्रवास आरंभिला. युगोस्लाव्हिया, तुर्कस्तान, इराण, पाकिस्तान, अफगाणिस्तान असा मार्ग आक्रमून ग्रंथ १९५४ च्या डिसेंबरात खैबर खिंडीपाशी थांबतो. अंतर थेरूच्या तुलनेने अल्प. काळ मात्र दीड वर्षाचा. गाडी दुर्बळ, पैसा तुटपुंजा. त्यामुळे थांबणे हे त्यांच्या मर्जीवर अवलंबून नव्हते. तब्रिझ येथे बर्फाने अडविलेला संपूर्ण हिवाळा त्यांनी आर्मेनियन वस्तीत काढला. बूव्हिए फ्रेंचच्या शिकवण्या करी, व्हेर्ने चित्रे विकी. जो प्रवासी गावात पोटासाठी काम करतो, त्याला त्या गावाविषयी निराळे बोलावे लागते. कारण तेथे त्याची उधारी असते, शेजार असतो, आणि चुकीच्या शब्दाची किंमत दुसऱ्या दिवशी चुकवावी लागते. तब्रिझच्या प्रकरणांत उपहास जवळजवळ नाही, याचे कारण बूव्हिएचा सौम्य स्वभाव एवढेच नसून ही परिस्थितीही आहे. ग्रंथाच्या फ्रेंच नावातील 'यूझाज' या शब्दाला वापर आणि रीत असे दोन्ही अर्थ आहेत. जगाचा वापर करू पाहणारा जगाची रीत शिकतो, हा आशय त्या श्लेषात सामावला आहे.

क्वेट्टा येथे बूव्हिएचे हिवाळाभर सिद्ध केलेले हस्तलिखित कचरा समजून टाकून देण्यात आले. उकिरडा उपसूनही ते हाती लागले नाही. ग्रंथ पुन्हा लिहावा लागला आणि तो प्रसिद्ध झाला १९६३ मध्ये, लेखकाच्या पदरखर्चाने. प्रवास व ग्रंथ यांत जवळजवळ नऊ वर्षे लोटली. येथे गोडसे भटजींच्या 'माझा प्रवास' या ग्रंथाचे स्मरण होते. १८५७ साली वरसईहून निघालेल्या भटजींनी आपली हकिकत पुष्कळ वर्षांनंतर स्मृतीवरून लिहिली आणि ती १९०७ मध्ये चिंतामणराव वैद्यांनी प्रकाशित केली. भटजी पायी गेले, बूव्हिए मोटारीने. तथापि दोघांच्याही लेखनात काळाने अनावश्यक ते गाळून टाकले आहे आणि जे उरले ते माणसांचे ऋण म्हणून उरले आहे.

४

थेरू व सायमन यांनी आपले मार्ग पुन्हा आक्रमिले, हा योगायोग समीक्षेला उपकारक आहे. 'घोस्ट ट्रेन टु द ईस्टर्न स्टार' (२००८) मध्ये थेरू सांगतो की, पहिल्या प्रवासाच्या काळात त्याचा संसार मोडकळीस आला होता आणि पहिल्या ग्रंथातील खेळकरपणाच्या मागे ते दुःख दडविलेले होते. म्हणजे ज्या तटस्थतेला आपण आगगाडीची दृष्टी म्हटले, तिच्यात लेखकाने घेतलेला आडोसाही होता. सायमनही २००१ मध्ये, सत्तरीच्या उंबरठ्यावर, पुन्हा निघाला आणि 'ड्रीमिंग ऑफ ज्युपिटर' (२००७) हा ग्रंथ सिद्ध झाला. दोघांनाही आढळले की, जग बदलले आहे. १९७९ मधील इराणची क्रांती आणि त्याच वर्षअखेर सोव्हिएट सैन्याचा अफगाणिस्तानातील प्रवेश यांनी युरोप–भारत हा जुना खुष्कीचा मार्ग खंडित झाला होता. थेरूला दुसऱ्या खेपेस इराण व अफगाणिस्तान वगळून मध्य आशियातून जावे लागले. बूव्हिएला मात्र दुसऱ्या प्रवासाची गरज भासली नाही. हरवलेले हस्तलिखित पुन्हा लिहिणे हाच त्याचा दुसरा प्रवास होता.

यावर असा आक्षेप येईल की, वाहनाला येथे अवाजवी महत्त्व दिले गेले. मंदबुद्धी लेखक टोपोलिनोतून गेला तरी मंदच राहील. आक्षेप रास्त आहे. वाहन प्रतिभा देत नाही. परंतु कोणत्या गोष्टी सहज दिसाव्यात आणि कोणत्या प्रयासाने, हे ते ठरविते. आणि सहज दिसणाऱ्यावर संतुष्ट न राहणे हीच प्रतिभेची खूण होय. थेरूने तो प्रयास पुढील ग्रंथांत केला, सायमनने अंशतः केला, बूव्हिएने पहिल्याच ग्रंथात केला. म्हणून तिन्हींत बूव्हिएचा ग्रंथ श्रेष्ठ ठरतो.

मराठी प्रवासवर्णनाच्या अभ्यासकांनी हा प्रश्न आपल्या ग्रंथांनाही विचारावा. आगबोट, विमान व सहलीची बस यांनी आपल्या प्रवासवाङ्मयाची दृष्टी कशी घडविली, आणि वाटेत भेटलेल्या माणसांचे किती देणे लेखकांनी फेडले, याचा शोध घेतल्यावाचून या वाङ्मयप्रकाराचे मूल्यमापन पूर्ण होणार नाही.