ठरलेला निकाल आणि खरी जखम

‘ही कुस्ती खरी की खोटी?’ अमेरिकन धर्तीच्या व्यावसायिक कुस्तीची गोष्ट निघाली की हा प्रश्न हटकून विचारला जातो, आणि ‘खोटी’ असे उत्तर मिळाले की विचारणारा समाधानाने बाजूला होतो. आमच्या वाचकांना तरी या प्रश्नाने अडून बसण्याचे कारण नाही. देवळाच्या जत्रेत दशावताराचा खेळ त्यांनी पाहिलेला आहे. पूर्वरंगात संकासुर कितीही गर्जला, कितीही नाचला, तरी अखेरीस त्याचा पराभव होणार हे पुढे बसलेल्या पोरालाही ठाऊक असते. आजोबांच्या काळी तो हरला, यंदाही हरला, पुढल्या वर्षीही हरेल. म्हणून कोणी देवस्थान समितीकडे फसवणुकीची तक्रार घेऊन गेल्याचे आमच्या ऐकिवात नाही. निकाल आधी ठरलेला असणे हा अपराध नव्हे, तो रंगभूमीचा धर्मच आहे. विचारण्याजोगा प्रश्न वेगळा आहे: खेळ संपल्यावर संकासुराचे काय होते?

हा प्रश्न आमच्या मनात ठाण मांडून बसण्यास एक निमित्त घडले. तालमीत तयार झालेला, पण मातीतल्या कुस्तीवर पोट भरत नाही असे पुरते उमगलेला एक तरुण काही महिन्यांपूर्वी आमच्याकडे एक करारपत्र घेऊन आला. करमणुकीच्या कुस्तीचे प्रयोग लावणाऱ्या एका आयोजकाचे ते पत्र होते. हिमाचल प्रदेशातला दलीपसिंग राणा ‘द ग्रेट खली’ या नावाने अमेरिकेत गेला आणि २००७ साली तेथील अजिंक्यपदाचा पट्टा मिरवू लागला, तेव्हापासून या वाटेकडे डोळे लावून बसलेली मुले आपल्याकडेही पुष्कळ आहेत. करार वाचून झाल्यावर आम्ही त्या तरुणाला ‘द रेसलर’ हा चित्रपट पाहण्यास सांगितले आणि आम्हीही तो पुन्हा एकदा पाहिला. प्रस्तुत लेख हे त्या दुसऱ्या अवलोकनाचे फळ होय.

डॅरेन अॅरोनॉफ्स्की यांनी दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटास २००८ साली व्हेनिसच्या महोत्सवात ‘सुवर्णसिंह’ हे सर्वोच्च पारितोषिक मिळाले. कथानायक रँडी, टोपणनाव ‘द रॅम’, म्हणजे मेंढा. १९८०च्या दशकात त्याची चित्रे भिंतींवर लागत. आता तो न्यू जर्सीत एका फिरत्या घराच्या वस्तीत राहतो, भाडे थकले की गाडीत झोपतो, आठवडाभर दुकानात माल उचलतो आणि सुटीच्या दिवशी लहानसहान सभागृहांतून कुस्ती खेळतो. एका रक्तबंबाळ लढतीनंतर त्याला हृदयविकाराचा झटका येतो. शस्त्रक्रिया होते, डॉक्टर कुस्ती वर्ज्य करतात. दुरावलेल्या मुलीशी नाते जुळवण्याचा त्याचा प्रयत्न त्याच्याच हातून फसतो. अखेर वीस वर्षांपूर्वीच्या गाजलेल्या लढतीची पुनरावृत्ती करण्यासाठी तो पुन्हा रिंगणात चढतो. मिकी रूर्क यांनी ही भूमिका केलेली नाही, ती अंगावर वागवलेली आहे. कानातले श्रवणयंत्र काढून ठेवणारा, चष्मा लावून कागद वाचणारा तो थकलेला देह पाहताना अभिनय कोठे संपतो हे सांगणे कठीण होते.

चित्रपटाचे सर्वांत मोठे यश रिंगणाच्या मागच्या खोलीत आहे. या व्यवसायात ‘कायफेब’ नावाचा एक दंडक फार काळ पाळला गेला: आतले गुपित बाहेरच्यास सांगावयाचे नाही, शत्रू म्हणून रंगवलेल्या दोघांनी बाहेरही शत्रूसारखेच वागावयाचे. चित्रपट हा पडदा अलगद दूर करतो. थोड्या वेळाने एकमेकांना आपटणारे मल्ल येथे शेजारी बसून डाव ठरवतात, थोरल्याचा मान राखतात, लढतीनंतर परस्परांची विचारपूस करतात. रँडी मनगटाच्या पट्टीत पात्याचा तुकडा दडवतो आणि ऐन लढतीत स्वतःच्याच कपाळावर चीर पाडतो. हार-जीत लिहून ठेवलेली असते, रक्त मात्र त्याचे स्वतःचे असते. फ्रेंच समीक्षक रोलाँ बार्थ यांनी १९५७ सालच्या आपल्या पुस्तकाच्या आरंभीच्याच निबंधात या खेळाचे नाते प्राचीन नाट्याशी जोडले होते, आणि प्रेक्षकाला निकालाच्या सत्यतेशी कर्तव्य नसते हेही सांगितले होते. ते विवेचन मार्मिक आहे, परंतु ते प्रेक्षकाच्या आसनावरून केलेले आहे. हा चित्रपट त्या आसनावरून उठून मल्लाच्या मागोमाग त्याच्या बंद घराच्या दारापर्यंत जातो.

प्रेक्षकांचे चित्रणही दिग्दर्शकाने एकरंगी केलेले नाही. तारा, काचा आणि टाचणयंत्र वापरून खेळलेल्या त्या भीषण लढतीत एक चाहता आपला कृत्रिम पाय काढून शस्त्र म्हणून पुढे करतो आणि सभागृह हर्षाने दणाणते. हे पाहून आपण त्या जमावाचा तिरस्कार करू लागतो, तोच स्वाक्षऱ्यांचा प्रसंग येतो. मोठ्या दालनात मेजे मांडून जुने मल्ल बसले आहेत, चाहते मोजकेच. रँडीची नजर सोबत्यांच्या पायांकडे जाते. एकाला चाकांची खुर्ची आहे, एकाच्या पायाशी मूत्राची पिशवी बांधलेली आहे. तरीही जे थोडे आले आहेत ते प्रेमानेच आले आहेत. हे प्रेम खोटे नाही, पण त्याने औषधाचे देयक भागत नाही.

येथवर आमची संमती आहे. आमचा आक्षेप पुढेच आहे. रँडीच्या नाशाचे कारण चित्रपट रँडीच्याच स्वभावात शोधतो. त्याला टाळ्यांची तहान आहे, घर सांभाळता येत नाही, म्हणून तो मरणाकडे चालत जातो. पहिल्याच प्रसंगात गल्ला कमी जमला म्हणून ओशाळून थोडक्या नोटा हाती ठेवणारा आयोजक भला माणूस आहे. दुकानातला वरिष्ठ तुच्छतेने बोलतो, पण तो काही या धंद्याचा कारभारी नव्हे. या व्यवसायात कोणीच वाईट दिसत नाही, आणि म्हणून कोणीच उत्तरदायी ठरत नाही. ज्या वर्षांत रँडीच्या नावावर मोठमोठी प्रेक्षागृहे भरली, त्या वर्षांचा पैसा कोठे गेला, हा प्रश्न पटकथेला पडतच नाही.

आमचा व्यवसाय आम्हाला तो विसरू देत नाही. हे कथानक ज्या न्यू जर्सीत घडते, त्याच राज्याच्या सिनेटपुढे १९८९ साली त्या काळच्या सर्वांत मोठ्या कुस्ती-कंपनीने, वर्ल्ड रेसलिंग फेडरेशनने, आपला खेळ ही स्पर्धा नसून करमणूक आहे अशी कबुली दिली. पिढ्यान् पिढ्या जपलेले ते गुपित सत्यप्रेमापोटी उघड झाले नव्हते. क्रीडामंडळाची देखरेख आणि कर यांतून सुटका व्हावी, हा त्यामागचा हेतू होता. दुसरीकडे, मल्ल हा नोकर नसून ‘स्वतंत्र कंत्राटदार’ आहे, अशी या कंपनीची भूमिका राहिली. चित्रपट प्रकाशात आला त्याच २००८ साली तीन माजी मल्लांनी या भूमिकेविरुद्ध दावा लावला. तो २००९ मध्ये फेटाळला गेला. मेंदूच्या इजांबद्दल पन्नासहून अधिक मल्लांनी केलेला दावाही २०१८ मध्ये टिकला नाही. म्हणजे खेळाडू म्हणून संरक्षण मागावे तर हा खेळ नव्हे, आणि नोकर म्हणून मागावे तर ही नोकरी नव्हे. रँडीचा एकाकीपणा केवळ स्वभावाचा नाही, तो कागदावर लिहून दिलेलाही आहे.

कलाकृती म्हणजे वादपत्र नव्हे, हे आम्ही जाणतो. आणि एका प्रसंगात दिग्दर्शकाने आमच्या आक्षेपाला नकळत उत्तरही दिले आहे. शेवटच्या लढतीत रँडी छाती धरतो. परवानगी देणारे, तिकिटे विकणारे, घोषणा देणारे यांपैकी कोणाच्याही ते ध्यानात येत नाही. ध्यानात येते ते फक्त प्रतिस्पर्ध्याच्या, लोक ज्याला शिव्या घालीत आहेत त्या खलपुरुषाच्या. तो आपण होऊन चीत होण्यास तयार होतो आणि लढत लवकर संपव म्हणून विनवतो. संपूर्ण चित्रपटात या व्यवसायातील मनुष्यधर्म असा एकाच जागी, ठरलेल्या शत्रूच्या मुखातून बोलतो. रँडी ऐकत नाही. तो दोरावर चढतो, उडी घेतो आणि पडदा काळा होतो.

हे सारे परदेशचे आहे म्हणून आपण निश्चिंत राहावे, असेही नाही. दशावतारी नटाविषयीची ‘रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा’ ही म्हण आपलीच आहे आणि ती आपण कौतुकाने उच्चारतो. खाशाबा जाधवांची कुस्ती तर निखळ खरी होती. १९५२ साली हेलसिंकीला त्यांनी कांस्यपदक मिळवले, स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. तरी निवृत्तिवेतनासाठी त्यांना झगडावे लागले, आणि अर्जुन पुरस्कार मिळाला तो १९८४ साली झालेल्या त्यांच्या मृत्यूनंतर. खऱ्याची उपेक्षा करणाऱ्यांनी खोट्याला हसू नये.

तो तरुण चित्रपट पाहून परत आला तेव्हा बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने विचारले, “काका, म्हणजे सही करू नको म्हणता?” आम्ही तसे म्हटले नाही. अंगात कला आहे, वय आहे, लोकांसमोर उभे राहण्याची आवड आहे. ती मारण्याचा अधिकार आम्हाला कोणी दिला? आम्ही त्याच्याकडून आयोजकाला एक पत्र तेवढे लिहवून घेतले. त्यात तीन प्रश्न होते: प्रयोगात इजा झाल्यास उपचारांचा खर्च कोण करील, डॉक्टरांनी मनाई केल्यास करार कोणत्या अटींवर संपेल, आणि त्याच्या टोपणनावावर व चित्रांवर मिळणाऱ्या पैशात त्याचा वाटा किती. पत्र पाठवून दीड महिना झाला. उत्तर आल्याखेरीज सही करणार नाही, असे त्याने आम्हाला वचन दिले आहे. तो रोज पहाटे तालमीत जातो आणि संध्याकाळी आमच्या कचेरीत डोकावून टपाल आले का म्हणून विचारतो.